कार्बन शाफ्ट: अकरा महिने खेळून झाल्यावर

पूल खेळायच्या माझ्या क्यूला (काठीला) नवा कार्बनचा शाफ्ट, म्हणजे काठीचा पुढचा भाग, लावला आणि पहिल्याच संध्याकाळी तीन सोपे बॉल चुकले. तिन्ही वेळा उजवी साइड (मधोमध न मारता उजवीकडे मारून फिरकी) दिली होती आणि तिन्ही वेळा क्यू बॉल (मारायचा पांढरा बॉल) ठरवलेल्या जागेच्या किंचित उजवीकडे जाऊन लागला. शाफ्ट परत करून टाकावा इतका वैताग आला. त्याला आता अकरा महिने झाले. आठवड्यातून चार दिवस सराव आणि मधल्या सगळ्या स्पर्धा याच शाफ्टवर खेळलो. ते तीन बॉल शाफ्टमुळे चुकले नव्हते, आणि हे कळायला मला दोन महिने लागले.

त्याआधी बारा वर्षं माझ्या हातात मॅपलच्या लाकडाचा, टोकाला १३ मिलीमीटर जाडीचा शाफ्ट होता. बॉलला मधोमध न मारता उजवीकडे मारलं की तो सरळ न जाता थोडा डावीकडे ढकलला जातो. यालाच आपण डिफ्लेक्शन किंवा स्क्वर्ट म्हणतो. टिप (क्यूच्या टोकावरची चामड्याची टोपी) बॉलला जेमतेम सेकंदाचा हजारावा भाग टेकलेली असते. तेवढ्यात शाफ्टचं टोकाकडचं काही इंचांचं वजनच काय ते आडव्या धक्क्यात सामील होतं. टोक जितकं जड, तितका बॉल जास्त सरकतो. कार्बनचा शाफ्ट म्हणजे पोकळ नळी, टोक हलकं, म्हणून बॉल कमी सरकतो. माझा हात मात्र बारा वर्षं मॅपलच्या हिशोबाने नेम धरत होता. उजवी साइड द्यायची म्हटलं की डोळे आपोआप थोडं उजवीकडे बघायचे. मॅपलमध्ये तो हिशोब बरोबर बसायचा, इथे तो जास्तीचा झाला.

म्हणून सुरुवातीलाच सांगतो: लो डिफ्लेक्शन, म्हणजे बॉल कमी सरकवणाऱ्या शाफ्टने नेम सुधारत नाही. साइड न देता मारलेल्या शॉटला तर काही फरकच पडत नाही. ज्यांना अजून साइडचा वापर नीट जमत नाही, त्यांनी आहे त्या क्यूवर सरळ स्ट्रोक पक्का करावा.

सवय मोडायला मी एकच सराव धरला. ऑब्जेक्ट बॉल (पॉकेटमध्ये घालायचा बॉल) फूट स्पॉटवर (टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर), क्यू बॉल थोड्या कोनात, आणि तोच शॉट आधी मधोमध, मग अर्धी टिप उजवीकडे, मग अर्धी टिप डावीकडे. प्रत्येक वेळी हळू, मध्यम, जोरात. रोज चाळीस मिनिटं. मागचा हात फिरवून साइड देणाऱ्यांना तर आणखी एक गोष्ट बदलावी लागते. जुन्या शाफ्टवर ब्रिजपासून (क्यूला टेबलावर आधार देणाऱ्या पुढच्या हातापासून) फिरवलेली क्यू बरोबर बसायची, कारण ब्रिजची लांबी त्या शाफ्टच्या पिव्होटशी, म्हणजे ज्या बिंदूभोवती क्यू फिरवली की स्क्वर्ट आपोआप भरून निघतो त्याच्याशी, जुळत होती. कमी डिफ्लेक्शनमध्ये पिव्होट बराच मागे जातो, आणि इतका लांब ब्रिज घेऊन खेळणं अवघड. मी पुढचा आणि मागचा हात मिळून साइड द्यायला शिकलो.

खरी अडचण हळू शॉटमध्ये आली, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. रेलजवळ (टेबलाच्या कडेजवळ) क्यूचा मागचा भाग उचलून हळू मारलं की साइडमुळे बॉल वळतो. मॅपलवर स्क्वर्ट आणि हे वळण एकमेकांना बरंचसं कापत असत, त्यामुळे नेम जवळजवळ सरळ धरला तरी चालायचं. इथे स्क्वर्ट कमी आणि वळण तेवढंच. म्हणजे नेम उलट्या बाजूला धरायचा. आजही रेलला चिकटलेल्या क्यू बॉलवरून हळू साइड द्यायची वेळ आली, तर मी दुसरा मार्ग आधी शोधतो.

मग शाफ्ट का ठेवला? कारण तो रोज तसाच असतो. माझ्या मॅपलवर टोकापासून आठेक इंचांवर एक खोच पडली होती. डोळ्याला दिसायची नाही, पण ब्रिजमधून क्यू सरकताना तर्जनीला दर स्ट्रोकला लागायची. वाफ देऊन, पॉलिश करून ती अर्धीच भरली. दमट हवेत लाकूड चिकट व्हायचं, आणि कधीकाळी सरळ असलेला तो शाफ्ट टेबलावर फिरवला की टिप थरथरताना दिसायची. कार्बनवर अकरा महिन्यांत एकही खोच नाही, वाकणं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा ओला फडका फिरवला की झालं. घामेजलेल्या हाताला मात्र तो चिकटतो, त्यामुळे ग्लोव्ह लागतोच.

एक तक्रार आहे, ती दुरुस्तीबद्दल. पाचव्या महिन्यात टिप बदलायला दिली. करणाऱ्याने टिपची कड घासताना सँडपेपर शाफ्टवरही फिरवला आणि टोकाशी पांढुरकं कडं पडलं. खेळायला अडत नाही, पण नेम धरताना रोज डोळ्यांसमोर येतं. टिप बदलायला देण्याआधी कार्बनवर काम केलंय का, हे विचाराच.

आवाजावरून तर चाहत्यांत तट पडलेत. कार्बन कोरडा, पोकळ वाजतो, मॅपल भरीव. जुने खेळाडू म्हणतात, बॉलचा स्पर्श हातात येत नाही. पहिले तीन आठवडे मलाही तसंच वाटलं. मी मधल्या कडकपणाची टिप काढून मऊ लावली, तेव्हा ड्रॉ शॉटची (क्यू बॉल मागे खेचणाऱ्या शॉटची) जाण परत आली. फिलिपिन्सच्या एफ्रेन रेयेसने १९९९ चं नाइन-बॉल (पूलचा एक प्रकार) विश्वविजेतेपद मॅपलच्या काळात जिंकलं. त्याचे किक शॉट (क्यू बॉल आधी रेलला लावून मग बॉल गाठणारे) आजही बघावेत आणि शाफ्टचं नावही काढू नये. दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा शेन व्हॅन बोनिंग कार्बन घेऊन २०२२ मध्ये विश्वविजेता झाला. दोन्ही उदाहरणं वादात रोज फेकली जातात, आणि दोन्हींतून सिद्ध एवढंच होतं की ज्याला आपला शाफ्ट पाठ आहे तो जिंकतो.

माझा कार्बन शाफ्ट १२.४ मिलीमीटरचा आहे. मित्राचा ११.८ चा घेऊन दोन रॅक (डाव) खेळून पाहिले. साइड भरपूर मिळते, पण स्ट्रोक जरा हलला की तीही चुकीची भरपूर मिळते. मी १२.४ वरच थांबलो. ब्रेकला (डाव फोडणाऱ्या पहिल्या जोरदार शॉटला) वेगळी क्यू, कारण या टिपला तो मार द्यावासा वाटत नाही.

मॅपल विकलेला नाही. पिशवीत पडून आहे. मागच्या रविवारी सहज जोडला आणि उजव्या साइडचा तोच शॉट घेतला. बॉल गेला नाही. या वेळी क्यू बॉल डावीकडे लागला होता.