टेक न्यूज: विकिपीडिया संपादकांचे साप्ताहिक तांत्रिक बातमीपत्र

कालपर्यंत चालणारे गॅजेट (विकीवर संपादनाला मदत करणारे छोटे जोड-साधन) आज बंद पडले, की संपादक आधी साचे (पानांत पुन्हा पुन्हा वापरायचे तयार तुकडे) उसकटत बसतात. दोष मात्र पुष्कळदा विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकी या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत असतो, आणि ती कधी येणार हे ‘टेक न्यूज’मध्ये आधीच छापलेले असते. एवढ्यासाठी तरी हे बातमीपत्र घ्यावेच.

अंक साधारण सोमवारी येतो. नवी आवृत्ती मंगळवारी चाचणी विकींवर, बुधवारी विकिपीडियाबाहेरचे बहुतेक प्रकल्प आणि मोजक्या विकिपीडियांवर, तर गुरुवारी उरलेल्या विकिपीडियांवर चढते. गंभीर चूक सापडली तर ती मागेही घेतली जाते. त्यामुळे गुरुवारी रात्री काही बिघडले, तर पहिला संशय याच आवृत्तीवर घ्यावा. खात्री करायला पानाच्या पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह देऊन रोमन लिपीत ‘safemode=1’ लिहायचे; पत्त्यात प्रश्नचिन्ह आधीच असेल तर त्याऐवजी ‘अँड’चे चिन्ह (&). याने त्या पानापुरती गॅजेट आणि स्क्रिप्ट बंद होतात. आता पान नीट चालले तर गोम स्क्रिप्टमध्ये आहे. तरीही बिघाड दिसला तर बातमीतल्या दुव्यावरून फॅब्रिकेटरवरचे, म्हणजे तांत्रिक बिघाड नोंदवण्याच्या संकेतस्थळावरचे, काम उघडावे. तक्रार बहुधा तिथे नोंदलेली असते.

भाषा सोपी, वाक्ये छोटी. प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही बरेचसे कळते, आणि जाणकारांसाठीच्या बातम्या वेगळ्या विभागात असतात. हे फार चांगले जमले आहे. खटकते ते एवढेच की मोठा बदल आणि बटणाची किरकोळ दुरुस्ती पुष्कळदा एकाच मापाने येतात. आपल्या विकीला कशाचा फटका बसेल हे दुवे उघडून आपणच ताडायचे. भाषांतर स्वयंसेवक मेटाविकीवर, म्हणजे सगळ्या विकींच्या सामाईक कामांच्या विकीवर, करतात. ते झाले नसेल तिथे मजकूर इंग्रजीतच पोचतो.

नोंदणी मेटाविकीवरच्या वितरण यादीत करायची. आपल्या चर्चापानाचे (इतरांनी संदेश ठेवायच्या पानाचे) पूर्ण नाव आणि विकीचा पत्ता, दोन्ही अचूक हवेत. प्रत्येक अंक चर्चापानावर नवा विभाग होऊन बसतो, म्हणून वर्षभरात पान फुगते आणि खऱ्या चर्चा त्यात हरवतात. त्यापेक्षा चर्चापानाखाली वेगळे उपपान करून यादीत तेच द्यावे. मात्र उपपानावरच्या संदेशाची चर्चापानासारखी सूचना येत नाही, तेव्हा ते निरीक्षणसूचीत, म्हणजे बदलांवर लक्ष ठेवायच्या पानांच्या आपल्या यादीत, टाकायला विसरू नये.