‘१९७९ ची जपानी गिटार’: ऑनलाइन लिलावात ४२ हजार कसे गेले

वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातल्या एका खेड्यातली भीमगीतांची पार्टी. धानाचे पैसे हाती आले, १४ एप्रिलच्या कार्यक्रमांची थोडी इसार रक्कमही मिळाली, आणि चौघांनी मिळून ४२,००० रुपयांत ऑनलाइन लिलावातून एक जुनी गिटार घेतली. आपल्याकडे सरसकट जिला ‘सेमी-अकॉस्टिक’ म्हणतात ती, म्हणजे पोटात पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरकडे पोचवणारा भाग) बसवलेली. वर्णनात होतं: “१९७९, मेड इन जपान, ताकामिने, ओरिजिनल पिकअप, एकदम मिंट कंडिशन, हार्ड केससह.” खोक्यातून जे निघालं त्याची किंमत पाच-सहा हजारांच्या वर जात नाही. यातली जवळजवळ प्रत्येक लबाडी पैसे देण्याआधी पकडता आली असती, म्हणून एकेक उघडून सांगतो आहे.

सुरुवात लेबलापासून. जपानात बनलेल्या ताकामिने कंपनीच्या गिटारचा क्रमांक साधारणपणे आठ आकडी असतो: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन महिन्याचे, पुढचे दोन तारखेचे, शेवटचे दोन त्या दिवशीच्या वाद्याचे. या गिटारच्या लेबलावर ७९१७४५०८ छापलेलं आहे. म्हणजे सतरावा महिना, पंचेचाळीस तारीख. लेबल खोटं आहे हे ठरवायला एवढं पुरे. विक्रेत्याच्या फोटोत लेबल दिसत होतं, पण शेवटच्या चार आकड्यांवर फ्लॅशचा चकाकता डाग होता. क्रमांक नीट वाचता येत नसेल तर दुसरा फोटो मागायचा. आतल्या ठोकळ्यावर, म्हणजे नेक (गिटारची लांब मान) जिथे पोटात शिरतो त्या लाकडावर, काही छाप असेल तर त्याचाही. कागदी लेबल घरच्या प्रिंटरवर निघतं, लाकडावरचा जुना छाप तसा काढता येत नाही.

लेबलाच्या रंगावरही विसंबू नये. यामाहाच्या एफजी मालिकेतल्या जुन्या जपानी गिटारांना ‘लाल लेबल’ म्हणून मान आहे, ती मालिका १९६६ ला सुरू झाली. पण त्याच कंपनीने २०१९ मध्ये लाल लेबलच्या नव्या गिटार बाजारात आणल्या. त्यामुळे लाल लेबल दिसलं म्हणजे साठ-सत्तरच्या दशकातली गिटार, हा हिशेब चालत नाही.

आता खरा मुद्दा, सॅडल. ब्रिजच्या, म्हणजे पोटावर चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्याच्या, खाचेत बसवलेली ती पांढरी पट्टी, जिच्यावरून तारा जातात. जुनी गिटार घेताना एकच फोटो मागायची मुभा असेल तर ब्रिजचा बाजूने, अगदी पोटाच्या पातळीवर मोबाइल धरून काढलेला फोटो मागा. लिलावात टाकलेले अकरा फोटो समोरून, वरून आणि केसमध्ये झोपवलेले होते. बाजूने एकही नव्हता.

कारण असं. ‘लाइट’ तारांचा एक संच, म्हणजे १२ ते ५३ चा (जाडी इंचाच्या हजारांशात), सुरात लावला की सत्तर किलोंहून जास्त ओढ देतो. ही ओढ वर्षानुवर्षं राहिली की नेक हळूहळू पुढे झुकतो आणि पोट ब्रिजच्या मागे फुगतं. तारा फ्रेटपासून, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांपासून, वर उचलल्या जातात, वाजवणाऱ्याची बोटं दुखतात. यावरचा खरा उपाय म्हणजे नेक सांध्यातून सोडवून, कोन तासून परत बसवणं. तो खर्चिक आहे आणि तालुक्याच्या गावी होत नाही. म्हणून विकणारा सोपी वाट धरतो: सॅडल घासतो. तेवढ्याने भागलं नाही की ब्रिजचं लाकूडच घासतो. फोटोत आणि व्हिडिओत तारा छान खाली दिसतात, वर्णनात ‘लो ॲक्शन’ (तारा फ्रेटच्या जवळ) लिहिता येतं.

या गिटारचं सॅडल ब्रिजच्या वर जेमतेम एक मिलिमीटर दिसतं. तीन मिलिमीटर तरी दिसायला हवं. ब्रिजची जाडी सहा मिलिमीटर उरली आहे, नऊ-दहा असायला हवी होती. सॅडल बाहेर ओढून काढलं तर खाली एटीएम कार्डाची कापलेली पट्टी, तिच्यावर कंपनीच्या नावाची दोन अक्षरं अजून वाचता येतात. म्हणजे आधी प्रमाणाबाहेर घासलं, तारा फ्रेटवर खडखडू लागल्या, मग खाली प्लॅस्टिक सरकवलं. आणि एवढं करूनही बाराव्या फ्रेटवर जाड तार चार मिलिमीटर वर आहे. चांगल्या बसवलेल्या गिटारला तिथे जाड तारेखाली साधारण २.४ आणि बारीक तारेखाली १.८ मिलिमीटर जागा असते. पुढे खाली आणायला आता काही शिल्लकच नाही.

हे मोजायला शाळेच्या कंपासमधली पट्टी चालते. विक्रेत्याला बाराव्या फ्रेटजवळ पट्टी उभी धरून फोटो काढायला सांगा. प्रामाणिक माणूस दोन मिनिटांत पाठवतो. त्याच वेळी नेकच्या तोंडाकडून ब्रिजकडे पाहणारा फोटोही घ्या: फ्रेटवर ठेवलेली सरळ लांब पट्टी ब्रिजच्या वरच्या कडेवर टेकली तर कोन ठीक, ब्रिजच्या अंगावर खाली जाऊन आपटली तर नेक झुकलेला आहे. ब्रिजच्या मागच्या कडेखाली वहीचा कागद सरकतो का, तेही विचारा. सरकला तर ब्रिज सुटत आला आहे.

सॅडल आणि पिकअप यांचा थेट संबंध आहे, हे लिलावात कुणी सांगत नाही. बहुतेक अशा गिटारांत सॅडलखाली पिझो पिकअप असतो. तो दाबावर चालतो. सहाही तारांचा दाब सारखा पडला तर सहाही तारा सारख्या ऐकू येतात. सॅडल इतकं बुटकं झालं की तारेचा खालचा कोन मरतो, दाब कमी होतो, त्यात प्लॅस्टिकची वाकडी पट्टी. या गिटारला ॲम्प्लिफायर लावला की तिसरी आणि चौथी तार जवळजवळ गायब, आणि सहावी भोंग्यासारखी उसळते. मंडपात, जनरेटरच्या आवाजात, असं वाद्य काही कामाचं नाही.

‘ओरिजिनल पिकअप’ तर पूर्ण थाप. ताकामिनेच्या त्या काळापासूनच्या स्वतःच्या पिकअपची ओळख ठरलेली आहे: ब्रिजखाली, आतल्या बाजूने, धातूच्या घरात सहा वेगवेगळे पिझो, प्रत्येक तारेला एक. साउंडहोलमधून, म्हणजे पोटावरच्या गोल भोकातून, दाढीचा छोटा आरसा आणि मोबाइलची बत्ती घातली की दिसतं. इथे आत पाहिलं तर एका भोकातून खाली लोंबणारी बारीक वायर, बाकी काही नाही. बाजूच्या फळीवर बसवलेल्या प्रीअँपला (पिकअपचा आवाज वाढवणाऱ्या डबीला) चार सरकत्या बटणांसोबत एलसीडी पडद्याचा ट्यूनर आहे. १९७९ च्या गिटारच्या अंगात असा डिजिटल ट्यूनर कुठून येणार? प्रीअँपचे चार स्क्रू सोडवून बाहेर ओढला तर कापलेल्या लाकडाची कड फिकट पिवळी, ताजी. आतलं बाकीचं लाकूड तपकिरी झालेलं. कडेला करवतीचे दात उमटलेले. लाकडाचा हा रंग खोटं बोलत नाही. भोक अलीकडे पाडलेलं आहे.

विक्रेत्याला पिकअपबद्दल विचारलं तेव्हा उत्तर आलं, “बॅटरी नाही, त्यामुळे चेक केला नाही, पण चालू आहे.” नऊ व्होल्टची बॅटरी बसस्टँडसमोरच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. चाळीस हजारांची वस्तू विकणारा बॅटरीवर अडून बसतो, तेव्हा पिकअप बिघडलेला आहे असंच धरून चाला. व्हिडिओ असा मागा: गिटार ॲम्प्लिफायरला जोडलेली, सहा तारा एकेक करून वाजवलेल्या, मग प्रत्येक बटण खाली-वर सरकवलेलं, शेवटी वायर जॅकमध्ये हलवून दाखवलेली. एकाच सलग व्हिडिओत, आणि सुरुवातीला त्या दिवशीचं वर्तमानपत्र गिटारवर ठेवून. बॅटरीच्या खणाचा फोटोही हवा. तिथे हिरवट गंज असेल तर बॅटरी आत फुटून सर्किट खाल्लेलं असतं.

नेकचं शेंडकं, म्हणजे खुंट्या असतात तो भाग, नटच्या (तारा जिच्यावरून नेकवर येतात त्या पट्टीच्या) मागे सगळ्यात कमजोर असतो. ट्रस रॉडसाठी, म्हणजे नेक सरळ ठेवणाऱ्या सळईसाठी, तिथलं लाकूड पोखरलेलं असतं, गिटार पडली की तिथेच तुटते. तुटलेलं चिकटवून वर पॉलिश मारलं की दिवसाच्या उजेडात कळत नाही. दुकानदार नोटा तपासायला जांभळी बत्ती वापरतात, ती अंधारात त्या जागेवर मारली तर नव्या पॉलिशचा ठिगळ वेगळ्या रंगाने उठून दिसतो. या गिटारला तसा ठिगळ आहे, चार बोटं रुंद.

आता बोलीचं. लिलाव ९९९ रुपयांपासून सुरू झाला, हेच आमिष. पार्टीने आपली कमाल बोली ४२,००० टाकून ठेवली. अशा लिलावात तुमची कमाल रक्कम लपलेली राहते, भाव फक्त दुसऱ्या कुणाच्या बोलीपेक्षा एका पायरीने वर चढतो. भाव २३,५०० वर होता. मग एका नव्या खात्याने पाचशे-पाचशेने सतत चढवत नेलं, ४२,५०० ला पार्टीची बोली मागे पडली. त्याने लगेच “आकडा चुकून पडला” म्हणून बोली मागे घेतली, भाव परत २३,५०० वर आला. पण एवढ्यात विक्रेत्याला कळलं की समोरच्याची मर्यादा ४२,००० आहे. शेवटच्या काही मिनिटांत दुसऱ्या नव्या खात्यावरून ४१,५०० ची बोली आली आणि पार्टी बरोबर ४२,००० ला ‘जिंकली’. बोलींची यादी उघडून पाहिली असती तर दोन्ही खाती त्याच आठवड्यात काढलेली, दोघांनीही दुसरीकडे कुठेच काही घेतलेलं नाही, हे दिसलं असतं. मागे घेतलेली बोली दिसली की त्या लिलावातून उठा. कितीही मन गुंतलं असलं तरी उठा.

जिंकल्यावर निरोप आला: साइट कमिशन कापते, थेट यूपीआयवर पाठवा, पाठवण्याचा खर्च माफ करतो. इथे सगळं संपलं. साइटवरून पैसे दिले असते तर परतावा मागायला जागा होती. यूपीआयवर पैसे पाठवताना पडद्यावर आलेलं नाव विक्रेत्याच्या नावाशी जुळत नव्हतं. “भावाचं खातं आहे” यावर विश्वास ठेवला गेला.

पार्सलनेही इशारा दिला होता. ११५ × ५० × २० सेंटिमीटरचं खोकं कुरिअरच्या हिशेबात (गुणाकार भागिले ५,०००) २३ किलो धरलं जातं. एवढं मोठं खोकं कुणी फुकटात पाठवत नाही. पावतीवर प्रत्यक्ष वजन ३.४ किलो लिहिलेलं होतं. गिटारच दोन किलोंच्या आसपास, हार्ड केस चार-पाच किलोंची. म्हणजे केस आलेलीच नाही हे खोकं न उघडता कळत होतं. आपल्याकडे कुरिअर खेड्यात येत नाही, तालुक्याच्या शाखेतून आणावं लागतं. तिथेच काउंटरवर वजन करून, पावती दाखवत, एका दमात व्हिडिओ काढत खोकं उघडा. घरी मोटारसायकलवर आणून उघडलेल्या खोक्याचा पुरावा लंगडा पडतो.

एप्रिल-मेमध्ये तर असा सौदा करूच नका. पारा पंचेचाळीसच्या वर, हवा कोरडी ठक्क. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. पत्र्याच्या गोदामात किंवा बंद गाडीत दोन दिवस पडलेल्या खोक्यात सरस मऊ होतो, ब्रिज उचलतो, घन लाकडाचं पोट तडकतं. आणि तो दोष विकणाऱ्याचा की उन्हाचा, हे मग ठरवता येत नाही.

परदेशातून मागवण्याचा मोह असेल तर आणखी एक. वापरलेला माल, भांडवली यंत्रसामग्री सोडून, भारतात आणायला परवाना लागतो. विक्रेता “गिफ्ट लिहून पाठवतो” म्हणाला तरी अडकल्यावर निस्तरायचं तुम्हालाच. ‘ब्राझीलियन रोझवूड’ म्हणून भाव चढवणाऱ्याकडे आधी कागद मागा; ते लाकूड १९९२ पासून साइट्स कराराच्या (दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, सगळ्यात कडक परिशिष्टात आहे. आणि “पार्सल कस्टममध्ये अडकलंय, या नंबरवर पैसे टाका” असा फोन आला तर तो चोराचाच. कस्टम खातं कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. त्यांच्या खऱ्या पत्रावर डीआयएन (त्या पत्राचा ओळख क्रमांक) असतो आणि तो विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

पार्टीने तक्रार नऊ दिवसांनी केली, कारण विक्रेता रोज “परवा रिफंड टाकतो” म्हणत होता. तोवर खातं रिकामं. फसलो हे कळलं त्याच तासाला १९३० वर, सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर, फोन करायचा. पैसे समोरच्या खात्यात असेपर्यंतच गोठवता येतात. विकणारा व्यापारी असेल, म्हणजे नियमित माल विकत असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. त्याच्या विकलेल्या मालाची यादी, बोलींची यादी, निरोप, सगळ्याचे स्क्रीनशॉट तो खातं बंद करायच्या आत काढून ठेवा. या पार्टीच्या हाती फक्त यूपीआयची पावती आणि कुरिअरचा कागद उरला आहे.

गिटार पुरती वाया नाही गेलेली. १० नंबरच्या हलक्या तारा चढवून, अर्धा सूर खाली लावून, एटीएमच्या पट्टीऐवजी हाडाचं सपाट सॅडल बसवलं तर नेकवरची ओढ बरीच उतरेल. पिकअपचा नाद सोडायचा. नेक आणि पोट जिथे मिळतात त्या सांध्यासमोर वीतभर अंतरावर माइक ठेवायचा, साउंडहोलसमोर नाही, तिथे घुमतं. १४ एप्रिलचा कार्यक्रम तेवढ्यावर निघेल.