गड्डा बघून ठरवू नका: पुण्यातून सोलापूरला परतणाऱ्यांसाठी

संक्रांत झाली की जानेवारीअखेर मला दोन-तीन तरी फोन येतात. "ताई, आम्हीपण परत यावं म्हणतोय. तुमचं कसं चाललंय?" विचारणारे बहुतेक हडपसर, मांजरी, वाघोलीकडे राहणारे आपलेच लोक. सिद्धेश्वर यात्रेला आलेले असतात, संमती कट्ट्याजवळ पांढरी बाराबंदी घातलेल्या भक्तांच्या गर्दीत उभं राहून सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाच्या अक्षता टाकलेल्या असतात, होम मैदानावर गड्ड्यात, म्हणजे यात्रेच्या जत्रेत, लेकरांना पाळण्यात बसवलेलं असतं. मिरवणुकीतले उंच नंदीध्वज डोळ्यांसमोरून गेले की गाव सोडल्याचं मनाला लागतं. मलाही लागायचं. आम्ही ११ वर्षं हडपसरला काढून २०१९ साली परत आलो, म्हणून मला विचारतात.

आधी पाण्याचं सांगते, कारण इथला दिनक्रम त्याच्यावर ठरतो. सोलापूरला नळाला रोज पाणी येत नाही. तीन-चार दिवसांआड येतं, उन्हाळ्यात कधी पाच. उजनीपासून शंभराहून जास्त किलोमीटर जलवाहिनी आलीय, ती कुठं फुटली की पाळी आणखी पुढं. जुळे सोलापुरात आमच्या घरी पाळीच्या रात्री अंगणातला नळ उघडाच ठेवून झोपतो. आधी नुसती हवा फुसफुसते, मग गढूळ धार येते. ती बादलीभर झाडांना घालायची, स्वच्छ धार लागली की हौदाचं झाकण काढायचं. कधी रात्री दोनला, कधी पहाटे. हौद, मग मोटर लावून वरची टाकी, मग पिंपं, शेवटी स्वयंपाकघरातल्या कळशा. सासूबाई ती फुसफुस ऐकूनच जाग्या होतात.

पुण्यात हा प्रश्न मिटलेला असतो असं मात्र नाही. आमच्या सोसायटीत नळ २४ तास चालायचा, कारण खाली टँकर रिकामा होत असायचा आणि त्याचे पैसे मेंटेनन्समध्ये लागायचे. शिवाय पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत जातं आणि भीमेतून उजनीत. तेच धरण आम्हाला पाणी पाजतं. पुण्यात होते तेव्हा मी याचा कधी विचार केला नव्हता. आता कळशी भरताना राग येतो. तेव्हा इथं घर बघताना फरशी, बाल्कनी नंतर बघा. हौद किती लिटरचा आहे आणि बोअरला उन्हाळ्यात पाणी टिकतं का, हे शेजाऱ्यांना विचारा. बिल्डरला विचारून उपयोग नाही.

वेळेच्या बाबतीत सोलापूर सरळ जिंकतं. यांची कंपनी हिंजवडीत होती. हडपसरहून तीस किलोमीटर, पण मगरपट्टा, युनिव्हर्सिटी चौक, वाकड करत जाताना दीड तास, पावसात दोन. सकाळी सातला निघायचे, रात्री साडेआठला यायचे. पुण्यात मेट्रो २०२२ च्या मार्चमध्ये सुरू झाली. आम्ही होतो तेव्हा तीही नव्हती. मुलगी दुसरीत असताना तिनं शाळेच्या वहीत 'माझे बाबा' या निबंधात लिहिलं होतं, "बाबा रविवारी असतात." ते वाक्य वाचलं त्या रात्री आम्ही दोघंही जेवलो नाही. आता यांचं भावासोबत सात रस्त्याजवळ मेडिकलचं दुकान आहे. दुपारी दीडला घरी येतात, तव्यावरची भाकरी आणि शेंगाचटणी खातात, अर्धा तास आडवे होतात. मामंजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला तेच नेतात. दवाखान्यांच्या बाबतीत सोलापूर लहान गाव नाही. कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवकडचे पेशंट इथंच येतात. म्हातारी माणसं इथं एकटी असतील, तर या एका गोष्टीला बाकी सगळ्यांपेक्षा जास्त वजन द्या.

आता कामाचं. इथं चादर-टॉवेलचे कारखाने आहेत, विड्या आहेत, साखर आहे, गारमेंट आहे, दवाखाने आणि कॉलेजं आहेत. कॉम्प्युटरच्या पदवीवर चांगला पगार देणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. कंपनी घरून काम करू देत असेल, किंवा स्वतःचा धंदा, प्रॅक्टिस, शिक्षकाची नोकरी असेल तरच हिशेब जमतो. आमचं उत्पन्न निम्म्यावर आलं. घर वडिलोपार्जित, म्हणून भाडं वाचलं आणि निभावलं. पंचविशीतल्या पोराला मी परत ये म्हणणार नाही. पहिली दहा वर्षं पुण्यातच काढावीत, काम शिकून घ्यावं.

आणि हे फोनवर कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगते: घरातल्या बाईचं काय? परत यायची ओढ बहुतेक वेळा नवऱ्याला असते. त्याचे मित्र इथं, पार्क चौकात भेटले की "कधी आलास बे?" म्हणत गळ्यात पडणारे. बायको मात्र नोकरी सोडून येते. मी पुण्यात एका कंपनीत अकाउंट्स बघायची. रात्री साडेनऊला एकटी घरी यायची, कुणी "इतका उशीर?" म्हणून विचारायचं नाही. इथं पहिली दोन वर्षं मला माझ्या नावाचा एक रुपया मिळाला नाही, आणि गल्लीच्या कोपऱ्यावर रोज कुणीतरी विचारायचं, "कुठं निघालीस गं?" मायेनंच विचारतात, पण रोज उत्तर द्यावं लागतं. पुढं गणवेश शिवणाऱ्या कारखानदारांची जीएसटीची कामं मिळाली. सोलापूरचे शाळेचे गणवेश दूरदूर जातात. फेब्रुवारी ते जून मान वर करायला सवड नसते, आणि पैसे बहुतेक वेळा शाळा उघडल्यावर येतात. आज मला हे काम आवडतं. पण ती दोन वर्षं माझी मला सोसावी लागली, आणि तेव्हा ती कुणी हिशेबात धरली नव्हती. तुम्ही ठरवत असाल तर आधी बायकोच्या कामाचं बघा, मग सामान बांधा.

मुलांचं बारावीपर्यंत छान होतं. आमची मुलगी आजीकडून कन्नड आणि शेजारच्या पद्मशाली मैत्रिणीकडून तेलुगू बोलायला शिकली. हडपसरच्या सोसायटीत हे झालं नसतं. पुढं इंजिनिअरिंगला वालचंद आहे, १९६३ पासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज आहे; बाकी बऱ्याच गोष्टींसाठी पुणं गाठावंच लागतं. सकाळची हुतात्मा एक्सप्रेस चार तासांत पोचवते. २०२३ च्या फेब्रुवारीपासून मुंबईला वंदे भारत आहे. त्यामुळे गाव सुटलं की तुटलं, अशी आता स्थिती नाही.

तरीही मन होत असेल तर मे महिन्यात पंधरा दिवस येऊन राहा. पारा चाळिशीच्या पुढं असतो, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, कधी लाइट जाते, नळाची पाळी लांबलेली असते. लेकरांना आणा, नोकरी असेल तर लॅपटॉप आणा. हॉटेलात उतरू नका. नात्यातल्या कुणाच्या घरी राहा, आणि पाळीच्या रात्री हौद तुम्ही भरा. पंधराव्या दिवशी बायकोला आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारा. मग मला फोन करा.