मटचनची मस्टँग : रिस्टोअर करून एक सीझन चालवल्यावर

गाडी फोर्ड मस्टँग, १९६७, हार्डटॉप. २८९ क्यूबिक इंचाचं, म्हणजे ४.७ लिटरचं व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, तीन गिअरचं सी-४ ऑटोमॅटिक. कंपनीच्या कागदावर २०० हॉर्सपॉवर. मसल कारवाले या मॉडेलकडे बघून नाक मुरडतात. त्यांच्या मते ही नुसती ‘पोनी कार’, म्हणजे लहान स्पोर्टी गाडी, खरी मसल म्हणजे त्याच वर्षी आलेली दांडग्या ३९० क्यूबिक इंचाच्या इंजिनाची. मुरडू देत.

हीच घेण्याचं कारण दाराच्या पट्टीवर आहे. नंबर सुरू होतो ७-टी-०१-सी असा. ७ म्हणजे १९६७, ०१ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे हे इंजिन, आणि टी म्हणजे मटचनचा कारखाना. नाव मटचनचं असलं तरी कारखाना होता न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसनमध्येच, रूट १ वर. २००४ मध्ये तो बंद झाला आणि आता तिथे दुकानं आहेत. आपली कित्येक मंडळी तिथे सामान आणायला जातात, पण तिथे मस्टँग बनायच्या हे सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.

पत्रेकाम, रंग, सीटा आणि इंजिन एका दुकानाकडून करून घेतलं. इंजिन उघडलंच होतं म्हणून हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या, कारण हे इंजिन शिसंवाल्या पेट्रोलच्या जमान्यातलं, आणि ते शिसं सीटांची झीज रोखायचं. काम देखणं झालं. बिलाचा आकडा लिहीत नाही, घरचे वाचतात. पण रिस्टोअर झाली म्हणजे बरी झाली असं नाही. लखलखीत गाडी घरी आली ती चार दुखणी घेऊन, आणि प्रत्येक दुखण्यावर भेटेल त्याच्याकडे एक तयार उपाय होता. तेवढ्यासाठीच हा अनुभव लिहितोय.

पहिलं दुखणं गरम होण्याचं. चालती असताना ठीक, पण सिग्नलला उभी राहिली की टेंपरेचरचा काटा एचकडे, म्हणजे ‘हॉट’कडे, सरकायचा. ज्याला विचारावं तो म्हणायचा अ‍ॅल्युमिनियमचा मोठा रेडिएटर टाक. पण एक गोष्ट खटकत होती. टेंपरेचरचा काटा वर गेला की पेट्रोलचा आणि ऑइल प्रेशरचा काटाही त्याच्यासोबत वर जायचा. उभ्या गाडीत पेट्रोल वाढतं कसं? या गाड्यांत डॅशच्या मागे एक छोटा व्होल्टेज रेग्युलेटर असतो. बॅटरीचे १२ व्होल्ट तोडून तोडून काट्यांना सरासरी ५ च्या आसपास देतो. तो बिघडला, किंवा त्याचं अर्थिंग सैल झालं, की सगळे काटे एकदम खोटं बोलायला लागतात. नवा, इलेक्ट्रॉनिक प्रकारचा बसवला. काटे शांत झाले.

म्हणजे गरम होणं खोटंच होतं का? निम्मं. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरून पाहिलं, तर उभ्या गाडीत आकडा २२० फॅरनहाइटच्या पुढे जात होता. शिवाय गाडीत दम नव्हता. पेडल दाबलं की आवाज भरपूर, ओढ कमी. टायमिंग, म्हणजे पिस्टन वर पोचण्याच्या किती अंश आधी ठिणगी पडते ते, बघायला टायमिंग लाइट लावली तर खूण बरोबर ६ अंशांवर, पुस्तकात आहे तशी. दुकानानेही तीच खूण बघून टायमिंग लावलं होतं.

गडबड त्या खुणेतच होती. क्रँकच्या पुढे जो हार्मोनिक बॅलन्सर, म्हणजे इंजिनाची थरथर शोषणारं चाक, असतो तो दोन तुकड्यांचा. आत हब, बाहेर जड कडं, मधे रबर. पन्नास वर्षांत रबर मरतं आणि बाहेरचं कडं हळूहळू सरकतं. टायमिंगच्या खुणा याच कड्यावर कोरलेल्या. शंका आली म्हणून पहिल्या सिलिंडरचा, म्हणजे पॅसेंजरच्या बाजूच्या सर्वांत पुढच्या सिलिंडरचा प्लग काढला आणि त्याच्या जागी पिस्टन अडवणारा स्टॉपर बसवला. क्रँक हाताने, पान्याने, एका दिशेला अडेपर्यंत फिरवायचा आणि कड्यावर खडूची रेघ मारायची. मग उलट्या दिशेला अडेपर्यंत फिरवायचा, दुसरी रेघ. दोन रेघांचा मध्य म्हणजे पिस्टन खरोखर सगळ्यात वर असतो ती जागा. आमच्या कड्यावरचा शून्य तिथून दहा अंशांहून जास्त सरकलेला निघाला. म्हणजे लाइट ६ अंश आधी दाखवत होती, आणि ठिणगी प्रत्यक्षात पिस्टन वर येऊन गेल्यावर पडत होती. उशिरा पेटलेलं पेट्रोल काम कमी करतं आणि उष्णता एक्झॉस्टला, हेडला देतं. रेडिएटर बिचारा निर्दोष. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

नवा बॅलन्सर घेताना दोन गोष्टी बघा. २८९ ला २८ औंसाचा, म्हणजे मुद्दाम तेवढं असंतुलन ठेवलेला, लागतो. ऐंशीच्या दशकातल्या ३०२ चा ५० औंसाचा असतो, तो बसेल पण इंजिन थरथरून मरेल. आणि या वर्षाची पुली तीन बोल्टची आहे, १९७० पासून चार बोल्टची आली. नवा बसवून टायमिंग पुन्हा लावलं आणि त्याच जुन्या रेडिएटरवर गाडी सगळा ऑगस्ट निघाली.

दुसरं दुखणं हायवेवर भटकण्याचं. पार्कवेवर ६० मैलांच्या वर स्टीअरिंग सतत सावरावं लागायचं. उपाय सांगण्यात आला ‘शेल्बी ड्रॉप’चा, म्हणजे पुढच्या सस्पेन्शनच्या वरच्या दांड्याची, कंट्रोल आर्मची, भोकं एक इंच खाली पाडायची. वळणावर त्याचा फायदा होतो, हे मान्य. पण कारखान्याचे अलाइनमेंटचे आकडे त्या काळच्या बायस-प्लाय टायरसाठी आहेत, आणि आज सगळे रेडियल घालतात. एका जुन्या अलाइनमेंटवाल्याने स्ट्रट रॉडच्या नटांवरून कॅस्टर, म्हणजे स्टीअरिंगच्या अक्षाचा मागे झुकाव, अडीच अंशांपर्यंत वाढवून दिला, आणि कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, किंचित उणे. गाडी सरळ चालायला लागली. १९६७ मध्ये हे नटांवर होतं, आधीच्या वर्षांना शिम, म्हणजे पातळ चकत्या, घालत बसावं लागतं. तरी स्टीअरिंगमधे दोन बोटं ढिलाई राहिली आहे. ती राहणारच.

तिसरं, गरम गाडी पुन्हा चालू न होणं. ओक ट्री रोडवर भाजी घेऊन परत यावं आणि स्टार्टर नुसता फिरत राहावा. हल्लीच्या पेट्रोलमधे १० टक्के इथेनॉल असतं, आणि बंद इंजिनाच्या उष्णतेने ते कार्ब्युरेटरच्या वाटीत उकळून खालच्या मॅनिफोल्डमधे उतरतं आणि इंजिनाला पेट्रोल जास्त होतं. कार्ब्युरेटरखाली उष्णता अडवणारा फिनोलिकचा जाड स्पेसर घातला, पेट्रोलची नळी इंजिनपासून लांबून नेली. बराच फरक पडला. कडक उन्हात अजूनही होतं. तेव्हा पेडल पंप न करता अर्धं दाबून धरायचं आणि स्टार्टर मारायचा.

चौथं दुखणं पाण्याचं. इथे मात्र सगळे स्वस्त उपाय सुचवत होते आणि खरा उपाय महाग निघाला. पुढच्या काचेखाली जाळीची जी पट्टी दिसते ती काऊल. आत दोन पत्र्यांची बंद पेटी. पावसाचं पाणी जाळीतून आत पडतं आणि कडेने निघून जातं. त्याच पेटीतून केबिनला हवा येते, म्हणून हवेच्या दोन्ही भोकांना उभ्या कडा असतात, पाणी आत येऊ नये म्हणून. त्या कडा आतून सडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. नव्या कोऱ्या कार्पेटखाली हात घातला तर ओलं. कार्पेट काढून, डॅशखाली डोकं घालून, टॉर्च लावून बसलो. मुलगी बाहेरून जाळीवर पाइप धरून उभी. “बाबा, सोडू?” म्हणाली, आणि मिनिटभरात डाव्या बाजूने थेंब, मग धार. उजवीकडे तर हीटरच्या डब्यातूनच पाणी टपकत होतं.

लोक प्लॅस्टिकच्या टोप्या सीलंटने चिकटवतात. ते वर्ष-दोन वर्षं चालतं, पण सडणं आत चालूच राहतं. नीट करायचं तर बॉनेट, दोन्ही फेंडर, पुढची काच काढायची, स्पॉट वेल्ड ड्रिलने एकेक सोडवून वरचा पत्रा उचलायचा, खाली नवा पत्रा जोडायचा आणि मग पुन्हा रंग. म्हणजे आधी केलेला रंग पाण्यात, अक्षरशः. दुकानाच्या एस्टिमेटमध्ये काऊल नव्हताच आणि त्यांनी विषयही काढला नव्हता. हे काम रंगाच्या आधीच व्हायला हवं होतं. तुम्ही अशी गाडी बघायला गेलात तर इंजिन सुरू करायच्या आधी जाळीवर बादलीभर पाणी ओता. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळालंच.

बाकीचं थोडक्यात. चारही ड्रम ब्रेक पावसात एका बाजूला ओढायचे, म्हणून पुढे डिस्क बसवले. मास्टर सिलिंडर पण डिस्कचाच घ्या, ड्रमचा दाब धरून ठेवतो आणि डिस्क घासत राहतात. डिकीत पेट्रोलचा वास यायचा, कारण पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा म्हणजेच डिकीचा तळ. भरणीच्या नळीचं रबर बदललं, वास गेला. ऑइल जस्त असलेलंच घालतो, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या या जुन्या कॅमला ते लागतं.

न्यू जर्सीत पेट्रोल आपण भरायचं नसतं, पंपावरचा माणूस भरतो. तो नळी घेऊन गाडीभोवती फिरतो आणि शेवटी मला विचारतो. झाकण मागे, दोन दिव्यांच्या मधोमध आहे. गणपतीला गाडी नेली होती तर पार्किंगमध्ये एका काकांनी सगळं बघून झाल्यावर विचारलं, “ॲव्हरेज किती देते हो?” गॅलनला चौदा-पंधरा मैल, म्हणजे लिटरला सहाएक किलोमीटर. काका पुढे काही बोलले नाहीत.

मागच्या अ‍ॅक्सलचा हुंकार ४५ मैलांना सुरू होतो आणि ५५ ला थांबतो. तो या हिवाळ्यात उघडणार आहे.