शेअर ड्राइव्हचा बिघाड आणि त्याआडून झालेली फसवणूक

सांगलीतल्या आमच्या करसल्लागार कार्यालयात पाच संगणक आहेत. अशिलांची कागदपत्रे आणि टॅलीचा डेटा त्यांपैकी एकावर असतो आणि बाकीचे चौघे तो ‘झेड’ ड्राइव्हमधून उघडतात. लाइट जाऊन आली की या ड्राइव्हवर लाल फुली दिसे, नेटवर्क पाथ सापडत नसल्याचा संदेश येई आणि काम ठप्प होई. जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे मासिक विवरणपत्र भरण्याची २० तारीख तोंडावर असताना असे झाले की काय धावपळ उडते, हे या व्यवसायातल्या कोणालाही वेगळे सांगायला नको.

देखभाल पाहणारा तंत्रज्ञ दर वेळी येऊन पाच-दहा मिनिटांत ड्राइव्ह सुरू करून देई आणि भेटीचे सातशे रुपये घेऊन जाई. पुढे त्याने सांगायला सुरुवात केली की हार्ड डिस्क संपत आली आहे, साध्या विंडोजला पाच जणांचा भार पेलत नाही आणि एक दिवस सगळा डेटा जाईल. अशिलांचा डेटा जाण्याची भीती आमच्यासारख्यांना सर्वांत मोठी असते आणि त्याने नेमका तिचाच फायदा घेतला. दोन ‘नव्या’ डिस्क बसवलेला स्टोरेज बॉक्स त्याने १८ टक्के जीएसटी लावून ४६,००० रुपयांना दिला आणि वर्षभराच्या देखभालीचा पहिला हप्ताही आगाऊ घेतला.

संशय आला तो बिलामुळे. पुढच्या महिन्याच्या १४ तारखेला तयार झालेल्या आमच्या जीएसटीआर-२बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांनी पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या यादीत, ते बिल नव्हते. बिलावरचा जीएसटी क्रमांक पोर्टलवर तपासला, तर नोंदणी आधीच रद्द झालेली निघाली. बॉक्सचा अॅडमिन पासवर्ड तो देत नसे; मागितला की ‘तुम्ही सेटिंग बिघडवाल’ असे म्हणे. देखभालीचा दुसरा हप्ता थांबवल्यावर मात्र त्याने पासवर्ड मुकाट्याने दिला. आत डिस्कच्या माहितीत ‘पॉवर-ऑन आवर्स’, म्हणजे डिस्क एकूण किती तास चालली, हा आकडा असतो. नव्या डिस्कवर तो जवळजवळ शून्य हवा. आमच्या एका डिस्कवर तो २९,४१२ होता, म्हणजे ती सव्वातीन वर्षांहून अधिक काळ कुठेतरी अखंड चालून आली होती. सिरियल क्रमांक उत्पादकाच्या संकेतस्थळावर टाकल्यावर दोन्हींची वॉरंटी संपल्याचे दिसले. हा आकडा शून्यावरही आणता येतो, हे लक्षात असावे. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत नव्या म्हणून विकलेल्या अनेक डिस्क अशाच वापरलेल्या निघाल्या होत्या. म्हणून तास आणि वॉरंटी या दोन्ही गोष्टी तपासाव्यात.

परंतु मला सर्वांत जास्त चीड आली ती राउटरचे सेटिंग पाहिल्यावर. चारही संगणकांवर झेड ड्राइव्ह आयपी क्रमांकाने, म्हणजे नेटवर्कवरील संगणकाच्या पत्त्याने, जोडलेला होता. लाइट आली की राउटर नव्याने क्रमांक वाटायचा, डेटा असलेल्या संगणकाला कधी ७ ने तर कधी १२ ने संपणारा क्रमांक मिळायचा आणि बाकीचे जुन्याच पत्त्यावर त्याला शोधत राहायचे. तंत्रज्ञ फक्त नवा क्रमांक टाकून निघून जात असे. याचा कायमचा उपाय, म्हणजे राउटरमध्ये त्या संगणकासाठी एकच क्रमांक राखून ठेवणे, त्याला माहीत नव्हता असे म्हणायला जागाच नाही, कारण स्वतः विकलेल्या बॉक्ससाठी त्याने पहिल्याच दिवशी तेच केले होते. विंडोजवरील भाराची गोष्टही खोटी होती. विंडोज १० आणि ११ मध्ये एका वेळी २० जोडण्या चालतात.

भर म्हणून सगळीकडे ‘एसएमबी १’ ही नेटवर्कवर फाइली शेअर करण्याची जुनी पद्धत चालू करून ठेवलेली सापडली. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर याच पद्धतीतील त्रुटीतून जगभर पसरले होते आणि त्याच वर्षापासून विंडोज १० च्या नव्या आवृत्त्यांत ती मुळात बंदच येते. ती आम्ही लगेच बंद केली. पंधरा मिनिटे वापर नसला की विंडोज जोडणी आपोआप सोडते आणि लाल फुली दिसू शकते; डबल क्लिक केल्यावर ड्राइव्ह उघडत असेल तर तो बिघाड नव्हे आणि त्यासाठी कोणाला पैसे देण्याचे कारण नाही. डेटाचा संगणक आपोआप स्लीपमध्ये जातो का, हेही कोणाला बोलावण्यापूर्वी पाहून घ्यावे.

तक्रारीबाबत एक अडचण आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ग्राहक धरला जात नाही. केवळ स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतली असेल तर अपवाद आहे. पगारी माणसे असलेल्या कार्यालयाला त्याचा आधार मिळेलच असे नाही, म्हणून आम्ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (फसवणूक) खाली पोलिसांत अर्ज दिला आहे. त्यानंतर तंत्रज्ञाने डिस्क बदलून देण्याची तयारी दाखवली. आम्ही नकार दिला, कारण त्या डिस्क हाच पुरावा आहे आणि त्यांवर अशिलांची कागदपत्रेही आहेत. दोन्ही डिस्क काढून, सिरियल क्रमांकांची छायाचित्रे अर्जाला जोडून, सीलबंद ठेवल्या आहेत.