छत्रीचा डबा टीव्हीपेक्षा जास्त वीज खातो: प्लगमधल्या वीजमापकाचा अनुभव

आर्णी तालुक्यातील आमच्या गावच्या घराचे बिल दोन महिन्यांपूर्वी १२१ युनिटांचे आले आणि घरातील सर्वांनी त्याचा दोष भाच्याच्या संगणकाला दिला. तो त्यावर गावातील लोकांचे ऑनलाइन अर्ज भरतो, स्वतःचा अभ्यास करतो आणि काही ना काही उतरवून घेण्यासाठी यंत्र रात्रभर चालू ठेवतो. आरोप खरा की खोटा हे मोजल्याशिवाय ठरवायचे नाही, असे ठरवून मी यवतमाळच्या बाजारातून साडेआठशे रुपयांचे, प्लगमध्ये बसणारे वीजमापक आणले. हे यंत्र भिंतीवरील सॉकेटमध्ये बसवायचे आणि उपकरणाची पिन त्यात खोचायची, एवढेच करावे लागते. त्यानंतर पडद्यावर वॅट, व्होल्टेज आणि आतापर्यंत खर्च झालेली युनिटे दिसतात.

मापकावर विश्वास ठेवण्यापूर्वी मी ते तपासून पाहिले. आमच्या घरच्या मीटरवर ३२०० इम्पल्सला एक युनिट असे छापलेले आहे, म्हणजे त्यावरचा लाल दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट खर्च होते. घरातील बाकी सर्व बंद करून फक्त संगणक चालू ठेवला आणि दहा मिनिटे दिवा मोजला, तेव्हा तो ४७ वेळा लुकलुकला. हिशेबाने हे सुमारे ८८ वॅट होतात आणि मापक त्या वेळी ९० च्या आसपास दाखवत होते. घरगुती वापरासाठी एवढा फरक मला मान्य आहे.

त्यानंतर जे आकडे आले, त्यांनी घरातील समजूत बदलली. आमचा ३२ इंची एलईडी टीव्ही ४२ वॅट घेतो. रोज पाच तास चालला तरी महिन्याला सव्वासहा युनिटांच्या आसपासच जातात. छत्रीचा डबा, म्हणजे डिशचा सेट-टॉप बॉक्स, मात्र चालू असताना ११ वॅट घेतो आणि रिमोटने बंद केल्यावरही १०. लाल दिवा लागला म्हणजे डबा झोपला, असे आम्ही इतकी वर्षे समजत होतो. त्याच्याशेजारचा जुना स्टॅबिलायझर टीव्ही बंद असतानाही ६ वॅट ओढत होता. दोघे मिळून चोवीस तासांच्या हिशेबाने महिन्याला जवळजवळ १२ युनिटे, म्हणजे टीव्हीच्या सुमारे दुप्पट.

भाचा निर्दोष ठरला असे मात्र नाही. स्क्रीन बंद ठेवूनही त्याचा संगणक रात्री ५८ वॅट घेत होता. आठ तासांचे महिन्याला सुमारे १४ युनिट होतात. तोच संगणक स्लीपमध्ये ठेवल्यावर मापकाने ३ वॅट दाखवले. "मामा, काम झालं की आता झोपवूनच जातो," असे तो म्हणाला आणि त्याने ते पाळलेही.

व्होल्टेजचा आकडा आमच्या भागासाठी विशेष उपयोगाचा वाटला. संध्याकाळी येथे व्होल्टेज १८० पर्यंत उतरते, पण टीव्हीचे वॅट बदलत नाहीत, कारण त्याचा वीजपुरवठा व्होल्टेज घटले की तेवढाच करंट अधिक ओढून घेतो. टीव्हीच्या मागच्या पट्टीवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले आहे, म्हणून कमी व्होल्टेजच्या भीतीने ठेवलेला स्टॅबिलायझर मी काढून टाकला. आकाशात विजा चमकू लागल्या की टीव्हीची पिन आणि छत्रीची वायर पूर्वीप्रमाणेच काढून ठेवतो. टीव्हीच्या पडद्याचा उजेड कमी केल्यावर ४२ वॅटचे २९ झाले, आणि आमच्या अंधाऱ्या माजघरात चित्र उलट डोळ्यांना बरे वाटते.

पुढील बिल ९६ युनिटांचे आले. पंख्यांचा वापर दोन्ही महिन्यांत सारखाच होता. महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांनंतरच्या प्रत्येक युनिटाला बराच जास्त दर लागतो, त्यामुळे वाचलेली बहुतेक युनिटे महागातलीच होती.

मापकात उणिवा आहेत. पडद्याला उजेड नाही, अंक बारीक आहेत, आणि आमचे बोर्ड जमिनीलगत असल्यामुळे टॉर्च घेऊन वाकावे लागते. ते इतके रुंद आहे की शेजारचे सॉकेट झाकले जाते. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत आहे, त्यामुळे कोणते बटण कशासाठी हे आईला मलाच शिकवावे लागले. एक वॅटहून कमी भार असला की ते सरळ शून्य दाखवते, म्हणून मोबाइलचा रिकामा चार्जर त्यावर मोजता येत नाही. लाईन गेल्यावर साठलेली युनिटे मात्र पुसली जात नाहीत, आणि आमच्याकडे ही गोष्ट फार मोलाची आहे.

एका घरात याचे काम पंधरा दिवसांत संपते, त्यामुळे चार घरांनी मिळून एकच घ्यावे असे माझे मत आहे. आमचे सध्या शेजारच्या घरी आहे. त्यांच्याकडे अजून काचेच्या नळीचा जुना २१ इंची टीव्ही चालतो आणि त्याने पहिल्याच संध्याकाळी ७८ वॅट दाखवले.