रॅकच्या अलार्म वायरिंगसाठी क्रोन मॉड्यूल आणि २० पेअर केबल: कोकणातल्या पावसाळ्यानंतरचा अनुभव

मोबाइल टॉवरच्या शेल्टरमध्ये (यंत्रांच्या खोलीत) अलार्मचं, म्हणजे दार उघडलं, वीज गेली अशा इशाऱ्यांचं वायरिंग आम्ही मे महिन्यात नव्याने केलं. आधी स्क्रूच्या टर्मिनल पट्ट्या होत्या. आता १० पेअरची (तारांच्या दहा जोड्यांची) दोन क्रोन डिस्कनेक्शन मॉड्यूल, म्हणजे स्क्रूशिवाय तार खाचेत दाबून बसवायच्या पट्ट्या, आणि ०.५ मिमीची, कथिलाचा मुलामा असलेली २० पेअर केबल. पावसाळा सरला, दिवाळी झाली. माझं मत पक्कं आहे: दमट हवेत याच्याइतकं भरवशाचं दुसरं काही मी वापरलेलं नाही.

याचं कारण कॉन्टॅक्टमध्ये आहे. तार सोलावी लागत नाही. टूलने दाबली की ४५ अंशांत बसवलेलं पातं इन्सुलेशन कापून तांब्याला घट्ट धरतं आणि उरलेलं टोक टूलच छाटतं. आमच्याकडे जुन्या पट्ट्यांचे स्क्रू दर पावसाळ्यात हिरवे पडायचे. अलार्मच्या लूपमधून (सेन्सर ते रॅक या तारांच्या सर्किटमधून) करंट जेमतेम वाहतो, त्यामुळे तेवढा गंजही संपर्क तोडायला पुरतो.

पण मॉड्यूल कितीही चांगलं असो, लूप ‘नॉर्मली क्लोज्ड’ हवा. सगळं ठीक असताना लूप जोडलेला (क्लोज्ड), अलार्म आला की तुटलेला (ओपन). मग उंदराने केबल कुरतडली तरी कंट्रोल रूमला अलार्म जातो. उलट जोडणीत तार तुटली तर काहीच कळत नाही, आणि चोर बॅटऱ्या घेऊन जातो तेव्हा दरवाज्याचा अलार्म गप्प असतो. इथे रिलेवरची (कॉइलने चालणाऱ्या स्विचवरची) अक्षरं पुष्कळांना फसवतात. रिलेवर ‘एनसी’ (नॉर्मली क्लोज्ड), ‘एनओ’ (नॉर्मली ओपन) लिहिलेलं असतं ते कॉइलला सप्लाय नसतानाचं. मेन्स फेलच्या (वीज गेल्याचा अलार्म देणाऱ्या) रिलेची कॉइल मात्र वीज असेपर्यंत ओढलेलीच असते. म्हणून तिथे तार कॉमन (सामाईक टोक) आणि ‘एनओ’वर घ्यायची, वीज गेली की तो कॉन्टॅक्ट सुटतो. नुसतं ‘एनसी’ वाचून जोडणारे भरपूर भेटतात. अशा ठिकाणी वीज असताना अलार्म आणि वीज गेल्यावर शांतता, असा प्रकार होतो.

डिस्कनेक्शन प्रकारच घ्या, साधं मॉड्यूल नको. खाचेत प्लग घातला की रॅककडची आणि सेन्सरकडची बाजू वेगळी होते. दोष दाराच्या स्विचमध्ये आहे की रॅकच्या कार्डात, हे मल्टिमीटरने लगेच समजतं. शिवाय लूप तोडला म्हणून अलार्म उठलाच पाहिजे. कंट्रोल रूमला फोन लावून तो योग्य नावाने दिसतोय ना, तेही पाहता येतं. तरीही वायरिंग झाल्यावर दार खरोखर उघडून आणि मेन्सचा एमसीबी खरोखर पाडून बघायलाच हवं. प्लगने सेन्सर तपासला जात नाही.

केबलचे रंग सोपे आहेत. पहिल्या पाच पेअर पांढऱ्या, पुढे पाच-पाच लाल, काळ्या, पिवळ्या. प्रत्येकीबरोबर निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी. बॅटरीच्या उजेडात तपकिरी आणि राखाडीची गल्लत होते, म्हणून दोन्ही टोकांना टॅग लावावेतच. एसी मेन्सच्या (विजेच्या) केबलपासून ही केबल लांब न्या. ओलांडायचीच तर काटकोनात.

काही गोष्टी खटकल्या. दाराच्या चुंबकी स्विचची तार बहुतारी असते, ती या खाचेत टिकत नाही. तिला लग (धातूचं टोक) लावून छोट्या टर्मिनलवर घ्यावी लागते आणि पुढे सलग (एकतारी) तार. जाड तार काढलेल्या खाचेत नंतर बारीक तार नीट धरत नाही. टूल महाग आहे, पण स्वस्त टूलची कात्री बोथट निघते आणि तार अर्धवट बसते. बाजारात हुबेहूब दिसणारी बिनब्रँडची मॉड्यूलही मिळतात. शेजारच्या साइटवर बसवलेल्यांचे कॉन्टॅक्ट ऑगस्टपर्यंत काळे पडले होते.

घेताना २० पेअरपैकी चार-पाच मोकळ्या राहतील असं बघा. डीजी (डिझेल जनरेटर), एसी युनिट, धूर, तापमान आणि लो बॅटरी जोडून होतं न होतं तोच नवा रेक्टिफायर (विजेवरून डीसी देणारं यंत्र) येतो आणि आणखी दोन पेअर मागतो.